डोंगरातली साडेपाच एकर: विकायची, सपाट करायची की राखायची?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटण तालुक्यात कोयनेच्या अंगाला वडिलोपार्जित साडेपाच एकर. त्यातली सव्वा एकर भाताची खाचरं, बाकीची वरकस, डोंगरउताराची. वरच्या अंगाला जुने हिरडे, ऐन, जांभळी आणि चार फणस. वडील मुंबईत माथाडी होते, गाव सुटून पंचवीस वर्षं झाली. आता मुलाला परत यायचंय. एक जण सांगतो महोगनी लाव, बारा वर्षांनी कोटी मिळतील. दुसरा म्हणतो जेसीबी घालून सपाट कर आणि स्ट्रॉबेरी घे. भाऊबंद म्हणतात गिऱ्हाईक दारात उभं आहे, विकून मोकळे व्हा. आणि शेवटी एक ओळ आहे: "पाऊस एवढा पडतो, त्यामुळे पाण्याची चिंता नाही."

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. मी याच तालुक्यातला, मोरणा खोऱ्यातला. सव्वीस वर्षं कृषी खात्यात होतो, त्यातली निम्मी नोकरी ढेबेवाडी, मोरगिरी, हेळवाक याच पट्ट्यात गेली. निवृत्त झाल्यापासून स्वतःच्या चार एकरांत भात, बांबू आणि मधाच्या पेट्या करतो. या भागात परत येऊन फसलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि जवळजवळ सगळ्यांचा हिशेब पाण्यापाशीच चुकला होता.

आपल्या जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि माणदेशात पाचशेच्या आत-बाहेर. दोन्हींत सरळ रेषेत शंभर किलोमीटरचंही अंतर नाही. तुमची जमीन ओल्या टोकाला आहे. चार हजार मिलिमीटर धरला, तरी एका एकरावर वर्षाला १ कोटी ६० लाख लिटर पाणी पडतं. तरीही एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या वाडीतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन झऱ्याकडे जाताना दिसतील, आणि झऱ्याला करंगळीएवढी धार असेल. कारण हे सगळं पाणी जून ते सप्टेंबरमध्ये पडतं आणि खाली काळा कातळ आहे. वर सड्यावर जांभा, तो सच्छिद्र, पाणी पितो आणि पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने सोडतो. मधल्या उतारावर मातीचा थर कुठे हातभर, कुठे वीतभर. त्या थरात जेवढं पाणी मुरेल तेवढंच तुमचं. बाकीचं कोयनेचं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि पुढचं सगळं त्यावरच उभं आहे: सव्वा एकर खाचरं आणि सव्वाचार एकर उतार ही दोन शेतं समजू नका. शेत एकच आहे. वर जे कराल ते खाली खाचरात उमटतं. आपल्या जुन्या माणसांनी वर हिरडा-ऐन राखला, मध्ये गवत राखलं आणि खाली भात केला. ती मांडणी गरिबीतून आली असेल, पण पाण्याच्या हिशेबाला चोख आहे.

२२ जुलै २०२१ला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या तालुक्यातही त्या दोन दिवसांत तसाच कोसळला आणि आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. ती माणसं माझ्या ओळखीची होती, त्यावर मी इथे जास्त लिहू शकत नाही. त्यानंतर आठवडाभराने आमच्या खोऱ्यातल्या एका वाडीवर नुकसानीचे पंचनामे चालू असताना मी गेलो होतो. शेजारी शेजारी दोन गट. एकात दोन वर्षांपूर्वी यंत्राने पायऱ्या पाडून आंब्याची कलमं लावलेली. पायऱ्यांच्या कडा उभ्या कापलेल्या, दगडाचा आधार नाही, पाणी काढून द्यायला वाट नाही. तीन पायऱ्या एकावर एक बसल्या होत्या आणि खालची चार खाचरं गुडघाभर लाल गाळाखाली गेली होती. गाळातून भाताची पिवळी टोकं वर आलेली दिसत होती. दुसऱ्या गटात नुसतं गवत, करवंदीच्या जाळ्या आणि विखुरलेले ऐन. तिथेही एका ठिकाणी माती सरकली होती, ती एका ऐनाच्या बुंध्याला अडून थांबली होती. एवढ्या पावसात झाडं प्रत्येक दरड रोखतात असा माझा दावा नाही. मोठी दरड खोलवरून सुटते, तिथे मुळं पुरत नाहीत. पण उताराचा पायथा कापला की दरडीला आपण हाताने वाट करून देतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तेव्हा जेसीबीचं उत्तर झालं. उतार कापू नका. खाचरांचे बांध ढासळले असतील तर दगडी ताल हाताने लावून घ्या, खर्च जास्त आला तरी. आणि कोणी सरकारी योजनेतून सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एका पातळीतले चर, मारून देतो म्हटलं, तर आधी पाऊस विचारात घ्या. ते चर कोरड्या माण-खटावात सोनं आहेत. आपल्याकडे भर पावसात तुडुंब भरलेला चर म्हणजे उताराच्या डोक्यावर ठेवलेली पाण्याची टाकी. मारायचेच असतील तर थोडा ढाळ देऊन मारा आणि टोक नैसर्गिक ओघळीत, दगड रचलेल्या जागी सोडा. ओघळीत खालून वर दर पंधरा-वीस पावलांवर सुट्या दगडांचे छोटे बांध घाला. ते काम दोन माणसं एका उन्हाळ्यात करतात आणि झऱ्याची धार पुढच्या दोन-तीन वर्षांत लांबते. माझ्याकडचा झरा पूर्वी होळीला आटायचा, आता एप्रिलच्या शेवटापर्यंत चालतो.

आता पहिल्या वर्षाचं. पहिल्या वर्षी काही लावू नका. हे ऐकायला जड जातं, कारण मुंबईहून आलेला माणूस उत्साहात असतो आणि खिशात फंडाचे पैसे असतात. पण एक पावसाळा राहून बघा. पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, उतारावर आठ-दहा ठिकाणी तीन फूट खोल खड्डे घ्या, जवळ खुंटी रोवून नंबर टाका. माती किती, मुरूम कुठे लागला, जांभ्याचा तवा कुठे लागला, वहीत लिहा. मग पुनर्वसू लागला, तरणा पाऊस सुरू झाला, की डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिक घेऊन प्रत्येक खड्ड्यापाशी जा. कुठल्या खड्ड्यात पाणी तुंबून राहिलंय, कुठल्यातून संध्याकाळपर्यंत उतरलंय, हे त्या चार दिवसांत जेवढं कळतं तेवढं माती परीक्षणाच्या कागदावर कळत नाही. कागदही काढा, पण तो तुम्हाला सामू (पीएच) आणि खतं सांगेल. आपली माती आम्लधर्मी निघणार, ते मी आत्ताच सांगतो.

नोकरीतल्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. फळबाग योजनेत मी एका आबांच्या माळावर लागवड बसवायला गेलो. दिसायला सुरेख जागा, सपाट, लाल माती. आबा म्हणाले, "सायेब, हितं पानी उतरत न्हाई, खाली कातळ हाय. माझ्या बानं आंबा लावल्याला, त्यो बी बसला." माझ्यापुढे उद्दिष्टाचा आकडा होता. मी लागवड करून घेतली. तिसऱ्या पावसाळ्यात ऐंशीतली सत्तर कलमं मूळकुजीने गेली. आबांनी मला शब्दाने दुखावलं नाही, पण त्यांची तीन वर्षं आणि शेणखताच्या गाड्या मी वाया घालवल्या. म्हणून सांगतो, गावात सत्तरीच्या पुढचा जो कोणी शेती केलेला माणूस असेल, त्याला घेऊन एकदा सगळी जमीन चाला. चहापेक्षा जास्त खर्च नाही.

त्याच पहिल्या वर्षात कागद उरकून घ्या. वारसनोंद झाली आहे का, फेरफार मंजूर आहे का, गटाची फाळणी झाली आहे का. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ (वर्ग २ असेल तर विकण्यावर सरकारी बंधनं असतात). आणि सगळ्यात महत्त्वाचं, इतर हक्कात "खासगी वन" किंवा वनाची दुसरी काही नोंद आहे का. १९७५ च्या खासगी वनं संपादन कायद्याखाली आपल्या पट्ट्यातल्या कितीतरी वरकस जमिनींवर अशा नोंदी बसल्या. माणसं पिढ्यान् पिढ्या गवत कापत राहिली आणि कागदावर जमीन वनाची झाली. अशी नोंद असेल तर एक झाडही तोडण्याआधी तहसील आणि वनविभाग दोन्हीकडून लेखी खुलासा घ्या, कारण तिथे १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो. राखीव वनाची हद्द लागून असेल तर मोजणी करून हद्दीचे दगड ओळखून ठेवा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना वारंवार निघाल्या, जुलै २०२४ मध्येही निघाली. तुमचं गाव यादीत आहे का बघा, पण घाबरू नका. त्या मसुद्याचा रोख खाणी, दगडखाणी, प्रदूषण करणारे कारखाने आणि मोठ्या बांधकामांवर आहे. भात, फळझाडं, गुरं यांना त्यात आडकाठी नाही.

झाडं तोडायला परवानगी लागते का, हा प्रश्न तुम्ही स्वतंत्र विचारला आहे. १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे आणि त्याला जोडलेल्या यादीत हिरडा, साग, आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, खैर, चंदन, बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन आणि खारफुटी अशी सोळा नावं आहेत. म्हणजे तुमच्या उतारावर आज जे उभं आहे ते जवळजवळ सगळं या यादीतलं. झाड तुमच्या मालकीचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि बरंचसं लाकूड हलवायला वाहतूक परवाना वेगळा. लाकडाचा दलाल म्हणेल, "कागदाचं आम्ही बघतो." त्याला देऊ नका. गुन्हा दाखल झाला तर सातबाऱ्यावरच्या नावावर होतो. नवीन लागवड केलीत की दरवर्षी ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करा, बांधावरची झाडंसुद्धा. पंधरा वर्षांनी "ही आम्ही लावली" हे दाखवायला तीच नोंद कामाला येते.

आता महोगनी. रोपं विकणारा माणूस बारा वर्षांनंतरचा भाव सांगतो, पण आपल्या पावसात, आपल्या मातीत बारा वर्षांत किती घनफूट झालं असं उभं झाड दाखवत नाही. त्याला दोनच गोष्टी मागा: घाटमाथ्यावरचं बारा वर्षांचं झाड, आणि खरेदीची लेखी हमी, ज्यावर दंडाची अट आहे. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाने दोन एकर लावली. शेंडा पोखरणाऱ्या अळीने झाडं फाटे फुटून झुडपासारखी झाली, आणि करार करणारी मंडळी फोन उचलेनाशी झाली. सागाचंही तसंच. साग खोल निचऱ्याच्या जमिनीचं झाड आहे. तापोळ्यापासून हेळवाकपर्यंत वाऱ्याच्या तोंडावरच्या पातळ मातीत तो वाकडा आणि खुरटा राहतो. नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ जगतात, पण त्यांच्याखाली गवत नीट येत नाही आणि गुरं पानाला तोंड लावत नाहीत. उतारावर आधीच हिरडा-ऐन आहे, तो काढून हे लावणं मला पटत नाही.

लावायचंच असेल तर बांबू लावा, पण सगळीकडे नव्हे. ओघळीच्या दोन्ही काठांनी आणि उताराच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे माती साचलेली आहे. माणगा ही जात आपल्याकडे चालते: काटे नाहीत, आतून जवळजवळ भरीव, सरळ. टोमॅटोला, केळीला आधार म्हणून कऱ्हाड-सांगलीकडे तिला मागणी असते. थोडी मेसही लावा, बुरूडकामाला आणि घरच्या टोपल्यांना. एकाच ठिकाणची एकच जात सगळीकडे लावू नका. बांबूला फुलोरा आला की बेटं एकदमच मरतात, मग सगळं एकाच सालात जातं. पाच मीटर बाय चार मीटरवर एकरी दोनशे रोपं बसतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्याने झाड राहिला नाही, त्यामुळे स्वतःच्या जमिनीतला तोडायला आणि न्यायला आता झाडांसारखी परवानगी लागत नाही.

रोपं घेताना मात्र डोळ्यांनी बघून घ्या. मी एकदा एका रोपवाटिकेतून माणगा म्हणून तीनशे रोपं आणली, आणि तिसऱ्या वर्षी काटेरी कळक निघाला. तोपर्यंत बेटं धरली होती. आता मी ज्याच्या बेटातून रोप तयार झालं ते बेट बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

बांबू तोडण्यावर त्याचं आयुष्य ठरतं, आणि नेमकी तीच गोष्ट कोणी नीट शिकवत नाही. चौथ्या-पाचव्या वर्षी बेट तोडीला येतं. बेटापाशी उभं राहून आधी काठ्यांची वयं ओळखायची. या पावसाळ्यात आलेली काठी हिरवीगार असते, तिच्या पेरांवर पापुद्र्यासारखी टरफलं चिकटलेली असतात आणि अंगावर पांढरी भुकटी असते. हात फिरवला तर बोटाला लागते. ती तोडायची नाही. दुसऱ्या वर्षाची टरफलं गळालेली, रंग गडद. तीही शक्यतो ठेवायची, तीच नव्या कोंबांना पोसते. तिसऱ्या वर्षाची अंगावर करडे डाग घेऊन पिवळसर पडते, कोयतीच्या पाठीने वाजवली तर टणक बोलते. ती तोडायची. बेटात शिरताना एका बाजूने, घोड्याच्या नालेसारखी वाट करून आत जायचं आणि मधल्या जुन्या काठ्या काढायच्या. बाहेरच्या कडेच्या काढत गेलात तर बेट आतून गुदमरतं. तोड जमिनीलगतच्या पेराच्या जरा वर, तिरकी नको, खाली पेला उरला की त्यात पाणी साचून कूज लागते. दसऱ्यानंतर तोड सुरू करायची, माघापर्यंत संपवायची. जून ते सप्टेंबर कोंबाचे महिने, तेव्हा बेटात कोयती न्यायचीच नाही.

एक धोका मी लपवणार नाही. गव्याला बांबूचा कोवळा कोंब फार आवडतो, आणि रानडुक्कर गड्ड्याभोवतीची माती उकरतं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, जंगल राखलं गेलं, ही चांगली गोष्ट आहे आणि मी तिच्या बाजूने आहे. पण जंगलाच्या कडेच्या शेतकऱ्याची रात्र माचाणावर जाते हेही खरं. पहिली तीन वर्षं कुंपण लागेल. वनविभागाच्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, अर्ज करा. भाताचं नुकसान झालं तर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे अर्ज गेला पाहिजे. फोटो काढा, पायांचे ठसे दिसतील असे, आणि पंचनामा होईपर्यंत रान तसंच राहू द्या. उशीर केल्याने हक्काचे पैसे गेलेली माणसं दर हंगामात भेटतात.

गव्यापेक्षा मला भीती वाटते ती वणव्याची. फेब्रुवारीपासून आपले डोंगर पेटतात. "जाळलं की गवत चांगलं येतं" ही समजूत इतकी मुरली आहे की चांगले शिकलेले लोकही काडी लावतात. पहिल्या पावसात हिरवं कोवळं गवत दिसतं, तेवढंच लोकांना दिसतं. जळालेली हिरड्या-ऐनाची हातभर रोपं, उघडी पडलेली माती आणि तिच्यावर पडलेली मृगाची सर कोणी मोजत नाही. मी माझ्या उतारावर सलग नऊ वर्षं आग येऊ दिली नाही. एकही झाड न लावता तिथे आज डोक्याच्या वर गेलेले ऐन, जांभूळ, अंजनी, हिरडे उभे आहेत. बी आधीपासून जमिनीत होतं, पक्षी टाकतच होते. त्यांना फक्त जळू द्यायचं नव्हतं. तुमच्याकडे जुनी झाडं उभी आहेत, म्हणजे बियांची सोय आहे. दिवाळीनंतर गवत वाळू लागलं की गटाच्या चारी बाजूंनी दहा-बारा फूट रुंद पट्टा साफ करायचा, गवत कापून काढायचं, पालापाचोळा आत ओढायचा. याला जाळरेषा म्हणतात, पण जाळायची गरज नाही. शेजाऱ्यालाही हात द्या, त्याची हद्द साफ झाली तर तुमचीही वाचते. कापलेलं गवत विकलं जातं किंवा गाईच्या पोटात जातं.

स्ट्रॉबेरीबद्दल थोडक्यातच. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देशातलं बहुतेक पीक तिथलंच, आणि त्या शेतकऱ्यांची मेहनत मोठी आहे. पण ते पीक सप्टेंबर-ऑक्टोबरला लावून मार्च-एप्रिलपर्यंत रोज पाणी मागतं, एकरी भांडवल लाखांत जातं, आणि तोडलेलं फळ त्याच दिवशी बाजाराच्या वाटेला लागावं लागतं. तुमच्याकडे झरा एप्रिलला करंगळीएवढा आहे. गाडीरस्ता वाडीच्या खाली संपतो. नको.

भात सोडू नका. इंद्रायणी आपल्याकडे चांगला येतो आणि मुंबईच्या नातेवाइकांत तांदूळ करून विकला, तर व्यापाऱ्याला भात घालण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळतात. एका खाचरात घरापुरता आंबेमोहर करा. पद्धत चारसूत्री ठेवा. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी ती आपल्यासारख्याच पावसाच्या पट्ट्यासाठी बसवली. फोकून टाकलेला युरिया आपल्याकडे बांधावरून वाहून जातो, हे तुम्ही जुलैमध्ये स्वतः बघाल. त्याऐवजी दोरीवर एकाआड एक १५ आणि २५ सेंटिमीटरवर चूड, म्हणजे रोपांचा झुबका, लावायची, आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी बोटाने सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. ५० गुंठ्यांना ८५ किलोच्या आसपास गोळ्या लागतात. बांधांवर गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) खुंटं लावा, त्याचा पाला चिखलणीच्या आधी खाचरात गाडता येतो आणि राबासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायला, ऐन-हिरड्याच्या फांद्या तोडाव्या लागत नाहीत. लावणीला माणूस मिळत नाही, ही आजची खरी अडचण आहे. तरणी पोरं मुंबई-पुण्यात आणि मजुरी परवडत नाही. म्हणून गावात आल्या आल्या पैऱ्यात सामील व्हा. तुम्ही चार घरांच्या लावणीत चिखलात उतरलात तर ती चार घरं तुमच्याकडे उतरतील. पहिल्या वर्षी शेत खंडाने दिलेलं असेल तर तोच माणूस पुढेही ठेवा, त्याच्या हाताखाली शिका. पंचवीस वर्षं बांध त्याने राखलेत.

वरच्या हिरड्या-जांभळींचा पैसा मधातून येतो. सातेरी, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी माशीच्या पाच पेट्यांनी सुरुवात करा. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं, आणि त्याच तालुक्यातलं मांघर गाव २०२२ पासून मधाचं गाव म्हणून उभं राहिलंय, एकदा जाऊन या. जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो तेव्हा, म्हणजे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, आपला मुख्य हंगाम. चांगल्या सालात पेटीला पाच-सहा किलो धरा, जास्त सांगणाऱ्यावर विसंबू नका. पावसाळ्यात झडीमुळे माशीला बाहेर पडता येत नाही, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो, नाहीतर वसाहत उपाशी मरते. बाळहिरडा, म्हणजे हिरड्याचं कच्चं फळ, वाळवून विकता येतो, पण सगळा झोडपू नका, थोडा पिकू द्या, पुढचं बी तेच.

घर बांधायचं असेल तर कापलेल्या उताराच्या पायथ्याला आणि ओघळीच्या तोंडावर बांधू नका, मग तिथून धरण कितीही छान दिसो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथलाच आहे आणि बारीक धक्के अजूनही बसतात. जोते मजबूत, छप्पर हलकं. पावसाळ्यात उताराला नवी भेग दिसली, झाडं तिरकी झाली, नेहमीचा झरा अचानक गढूळ झाला किंवा नसलेल्या जागी पाणी फुटलं, तर त्याच दिवशी माणसं आणि गुरं घेऊन निघायचं. सामानाचा विचार करायचा नाही.

विकायचं का, याचं उत्तर मी तुमच्या वतीने देऊ शकत नाही. घरात आजारपण असेल, कर्ज असेल, तर ती गोष्ट वेगळी. पण 'नवीन महाबळेश्वर' या सरकारी गिरिस्थान प्रकल्पाच्या चर्चेने भाव वाढलेत म्हणून घाई करत असाल तर थांबा. विकायची झालीच, तरी खालची खाचरं आणि झऱ्याची जागा वेगळी काढून ठेवा.

आणि हे गणित शहराच्या पगाराशी लावू नका. भात घरचा, गवत-दूध घरचं, पाचव्या वर्षापासून बांबू, दुसऱ्यापासून थोडा मध. पहिली चार वर्षं बाहेरची एखादी मिळकत चालू ठेवावीच लागेल, नाहीतर तिसऱ्या वर्षी तुम्ही हिरडे विकायला निघाल.

तुम्ही यंदा मे महिन्यात येणार म्हणताय. तर येताना एक काम करता येईल. देवराईखालची जांभळं जूनच्या आसपास पिकून पडतात. फळ खाऊन झाल्यावर बी धुऊन लगेच पिशवीत लावायचं, वाळवून डब्यात ठेवलं तर दोन आठवड्यांत ते मरतं. शे-दीडशे पिशव्या ओसरीच्या वळचणीला भरून ठेवा, तिथे पन्हाळीचं पाणी थेट पडणार नाही एवढं बघा. ती रोपं पुढच्या पावसाळ्यात, तुमचे नंबर टाकलेले खड्डे एकदा पाहून झाल्यावर, जागेवर जातील.